बिनआवाजाचा कीबोर्ड

"हाही नको म्हणाले," असं म्हणत तिने खोका पुन्हा काउंटरवर ठेवला.

दुकानदाराने कपाळाला हात लावला नाही, एवढंच. "आता यात काय खोट निघाली, वहिनी?"

"आवाज."

"याहून कमी आवाज हवा असेल तर पाटी-पेन्सिल घ्या."

ती हसली नाही. तिच्या उजव्या मनगटाला पट्टा होता आणि भर उन्हात चालून आल्यामुळे चेहरा लाल झाला होता. दुकानदाराने तिला स्टूल सरकवून दिलं. तिचे यजमान मोठे लेखक. त्यांच्या सगळ्या कादंबऱ्या त्याने वाचल्या होत्या, म्हणूनच तो अजून बदलून देत होता. दुसरं कुणी असतं तर त्याने केव्हाच हात जोडले असते.

जुन्या कीबोर्डच्या निम्म्या कळा बसल्या, तेव्हापासून तिच्या खेपा सुरू होत्या. आधी तिने रबराच्या कळांचा नेला. तो अगदी मुका होता, पण अक्षरं गाळायचा. काना उमटायचा नाही, 'राग'चा 'रग' व्हायचा. मग एक पुठ्ठ्यासारखा पातळ नेला. त्यावर दोन पानं झाली की मनगटापासून कोपरापर्यंत कळ जायची. त्यानंतरचा हाताला बरा होता, तर त्याचा आवाज घरात चालेना. आणि आजचा हा.

सकाळी तिने तो आतल्या खोलीत जोडला होता. लेखक बाहेरच्या खोलीत, दार लावून उभे राहिले.

"दाब," ते तिकडून म्हणाले.

तिने एक ओळ टाईप केली.

"ऐकू येतंय."

"अहो, एवढासा तर आवाज आहे."

"लिहायच्या खोलीतून गोंगाट यायला नको, हे मी तुला किती वेळा सांगितलंय?"

"मग तो रबराचा परत आणू का? पण अक्षरं गळतात."

"गळू देत. नंतर भरता येतात."

नंतर कोण भरणार, ते त्यांनी सांगितलं नाही. प्रकाशकाकडे जाणारं प्रत्येक पान तिच्याच हातून जायचं. 'रग'चा 'राग' करता करता तिचे डोळे दुखून यायचे.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. एका मासिकाच्या पत्रकार बाई संध्याकाळी मुलाखतीला येणार होत्या, त्यांचा. लेखकांचा आवाज एकदम मऊ झाला.

"या ना, अवश्य या. घरात आम्ही दोघंच असतो. ती? नाही हो, तिला पुस्तकांचं वेड नाही. पण घर फार छान सांभाळते. म्हणून तर मला निवांत लिहिता येतं."

ती समोरच उभी होती, कीबोर्डची वायर गुंडाळत. त्यांनी फोन ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं.

"त्या बाई यायच्या आत एक धड कीबोर्ड आण. एवढी साधी गोष्ट जमत नाही तुला."

वायर इतकी घट्ट गुंडाळली गेली होती, की ती खोक्यात बसेना.

"वहिनी?" दुकानदार म्हणाला. "माझ्याकडचे मुके कीबोर्ड संपले. खरं सांगतो, मुलगी पसंत करायलासुद्धा लोक एवढा वेळ घेत नाहीत."

तिची नजर वरच्या फळीवर गेली होती. तिथे एक जाडजूड, काळा कीबोर्ड धूळ खात पडला होता.

"तो काढा."

"तो तुमच्या कामाचा नाही. एका ऑफिसने घेतला होता. शेजारच्या टेबलावरचा माणूस भांडायला उठला, म्हणून परत आला."

"काढा तरी."

त्याने फडक्याने पुसून तो तिच्यापुढे ठेवला. तिने मनगटाचा पट्टा सैल केला आणि दोन्ही हात कळांवर टेकवले. कळ खोल जायची आणि वर येताना बोटालाही अलगद उचलायची. एकही अक्षर गळलं नाही. दुकानात पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज झाला. दुरुस्तीच्या टेबलावरचा कारागीर मान वर करून बघू लागला.

"हाच द्या," ती म्हणाली.

"अहो, पण साहेबांना आवाज सोसत नाही ना?"

"होईल सवय."

संध्याकाळी तिने नवा कीबोर्ड जोडला, पण लेखकांनी त्याचा आवाज तपासायच्या आतच पत्रकार बाई आल्या. तिने चहा आणून ठेवला. बाई तिच्याकडे पाहून हसल्या आणि पुन्हा लेखकांकडे वळल्या.

"नवी कादंबरी कुठवर आली?"

"मधोमध अडलोय," लेखक म्हणाले. "धाकटी बहीण घरी परत येते की नाही, तेच ठरत नाही. रोज बसतो, रोज उठतो. लिहिणं म्हणजे जिवाला घोर असतो, बाई."

"तुम्ही स्वतःच टाईप करता?"

"अर्थात. लिहायच्या खोलीत मी दुसऱ्या कुणाला पाऊलही टाकू देत नाही."

तिने रिकामा ट्रे उचलला आणि ती आत गेली. दार लावलं नाही.

आधी एकच ठोका ऐकू आला. मग खटखट सुरू झाली ती न अडता, न थांबता, वाक्यामागून वाक्य. पत्रकार बाईंचं पेन वहीवर थांबलं. लेखकांनी कप खाली ठेवला, पण तो बशीत नीट बसला नाही.

"आत कोण आहे?" बाईंनी विचारलं.

लेखक दाराकडे बघत राहिले.

आत तिने मान वर केली नाही. धाकटी बहीण परत येणार होती. ते तिने दुकानातून येतानाच ठरवलं होतं, जसं आजवरच्या प्रत्येक कादंबरीत प्रत्येकाचं तीच ठरवत आली होती.