तिन्हीसांजेची हजेरी

युद्धात शत्रूच्या कैदेत पडलेले गिरजाचे बाबा सुटून आपल्या गावी, गुंदला परतले. पण छावणीतल्या हजेरीच्या वेळी, तिन्हीसांजेला, ते रोज अंगणात ताठ उभे राहून ‘हाजिर!’ म्हणत.

आई हसायची. “अवो, कोण बोलवतंय तुमास्नी? म्हशी?”

“तुला ऐकू येत न्हाई, तेच बरं हाय.”

काल बाबांना अग्नी दिला. सरकारने नुसतं घरी आणलं होतं. सोडवलं ते मरणानेच, असं गिरजाला वाटलं.

आज सांजेला रानाच्या कडेने कुणीतरी बाबांचं नाव पुकारलं. उंबऱ्यावर बसलेल्या आईने मानही वळवली नाही.

उत्तर आलं नाही, तेव्हा त्याच आवाजाने गिरजाचं नाव घेतलं.

“गिरजे,” आई म्हणाली, “अशी ताठ का उभी ऱ्हायलीस गं?”