कावळ्याचा उसवलेला पंख

गॅरेटचा शर्ट उतरवून झाला, बुटांचे तळवे उचकटून झाले, तरी सॉल्ट क्रोज टोळीच्या गॅरेजचं शटर काही वर जाईना.

"तुझी पहिली बातमी छापून आली, तेव्हापासून पोलिसांना आपलं सगळं आधीच कळतंय," टोळीचा म्होरक्या व्हर्न म्हणाला. "योगायोगच म्हणायचा ना, पत्रकारसाहेब?"

मी फक्त लिहितो, कुणाला काही पुरवत नाही, असं गॅरेट परोपरीनं सांगत होता. या लोकांच्या मोटरसायकलींमागं त्यानं निम्मा नेवाडा पालथा घातला होता आणि आता आपण त्यांच्यातलेच झालो, असं समजून बसला होता. तसा शहाणा माणूस, पण पहिल्या पानावर नाव आलं की भल्याभल्यांचं डोकं फिरतं.

व्हर्ननं झडतीतून कुणालाच सोडलं नव्हतं. फोन पेटीत, माणसं उघडी. चामडी जाकिटं मात्र ज्याची त्यानंच काढून बाजूला ठेवली होती. पाठीवर शिवलेल्या कावळ्याला, म्हणजे टोळीच्या चिन्हाला, दुसऱ्याचा हात लागला की दात पडलेच समजा. झडतीसुद्धा जाकिटापाशी येऊन थांबायची.

मुभा होती ती एकट्या लोरीनला, व्हर्नच्या बायकोला, तीही शिवण्यापुरती. नवऱ्याचं जाकीट मांडीवर घेऊन ती कोपऱ्यात बसली होती. कावळ्याचा पंख पुन्हा उसवला होता. तिच्या स्वतःच्या जाकिटावर 'व्हर्नची मालमत्ता' असं लिहिलेलं होतं. गॅरेटनं एवढ्या मोठ्या लेखात तिला एकच ओळ दिली होती: बीन्स झकास करते.

"आटप की गं," व्हर्न खेकसला. कावळा पाठीवर चढवल्याशिवाय म्होरक्यानं कुणाला शिक्षा द्यायची नाही, असा टोळीचा नियम होता.

"एकच टाका राहिलाय."

व्हर्नचा उजवा हात असलेल्या बुलनं साखळी उचलली. गॅरेटनं आशेनं लोरीनकडे पाहिलं. तिनं मानही वर केली नाही. आता आपलं इथं कुणी नाही, हे त्याला कळून चुकलं.

लोरीननं गाठ मारली, दोरा दातांनी तोडायला तोंड कावळ्याच्या पंखाखाली शिवलेल्या बटणाएवढ्या माईकशी नेलं आणि जेमतेम ओठ हलवत पुटपुटली, "मागच्या शटरनं या. लवकर. पत्रकाराला मारतायत."