बिनसाखरेचा जिरा सोडा

हमीदा काट्यावर उभी राहिली आणि डॉक्टरांनी मान हलवली. वजन उतरायचं सोडून उलट किलोभर वाढलं होतं.

“ताई, खरं सांगा. चोरून खाताय का?”

“अल्लाहची कसम, डॉक्टरसाहेब. भात बंद, चपाती एकच, चहासुद्धा बिनसाखरेचा.”

डॉक्टरांचा विश्वास बसला नाही, हे तिला दिसत होतं. बाहेर बाकावर तिचा नवरा निसार पिवळाधमक होऊन बसला होता. बिचारा जन्मात दारूला शिवला नव्हता. जुन्या काविळीनं आतल्या आत त्याचं लिव्हर खाऊन टाकलं होतं. हमीदाच्या लिव्हरचा तुकडा त्याला बसवायचं ठरलं होतं. रक्तगट जुळला, सगळं जुळलं. घोडं अडलं ते तिच्या लिव्हरवरच्या चरबीपाशी. वजन उतरलं तरच चरबी उतरणार, आणि चरबी उतरली तरच ऑपरेशन. देणारं दुसरं कोणी नव्हतं. निसारच्या मोठ्या बहिणीला, आपाला, स्वतःलाच डायबेटिस होता आणि लेक मेहविश अजून अकरावीत होती.

ऑपरेशनचं पहिल्यांदा निघालं तेव्हा निसारनं साफ नकार दिला होता. “तुला काही झालं तर? पोरीला दोघांतलं एक तरी राहायला नको?” पण हमीदा हट्टाला पेटली की कोणाच्या बापाचं ऐकत नसे. तिनं बिर्याणी सोडली, नानकटाई सोडली. गोडावाचून मात्र जीव नुसता कासावीस व्हायचा. म्हणून एक दिवस तिनं डाएट कोल्ड्रिंकची बाटली आणली, तर निसार केवढा चिडला!

“सोडावाल्याची बायको आणि बाहेरचं पाणी पिणार? शुगर-फ्रीचे डबे मागव. मी बनवून देतो.”

चला, नवरा ऑपरेशनला एकदाचा तयार झाला, या आनंदात हमीदाचे डोळे भरून आले. मेहविश मेडिकलमधून डबे आणून द्यायची. निसार अंगात त्राण नसतानाही भद्रकालीतल्या आपल्या दुकानात जाऊन बसायचा आणि संध्याकाळी जिरा सोड्याच्या बाटल्या भरून आणायचा. “पी बिनधास्त,” म्हणायचा. “यात आहे काय? पाणी आणि हवा.” ती पोटभर प्यायची. दिवसभरात तेवढंच एक सुख होतं. रमजानमध्ये रोजा सोडतानाही तिला खजुरानंतर तोच सोडा लागायचा.

रिकाम्या बाटल्यांना मुंग्या लागायच्या.

“अहो, शुगर-फ्रीला मुंग्या कशा?”

“बाटल्या नीट धुतल्या गेल्या नसतील,” निसार म्हणायचा आणि तिच्या ग्लासात उरलेला सोडा ओतायचा.

ईद आली आणि गेली. काटा काही खाली आला नाही. मग निसारच गेला.

मय्यत उठली आणि बायकांच्या भरल्या खोलीत आपानं तोंड उघडलं. “माझा भाऊ जगला असता. पण हिला तोंड आवरलं नाही.” वजन का उतरलं नाही हे हमीदालाच कळत नव्हतं. आपलं शरीरच बेइमान निघालं, असं तिनं मनाशी धरलं होतं.

नवऱ्यामागे पाळायच्या इद्दतीचे महिने तिनं घरात काढले. घास घशाखाली उतरत नव्हता. कुर्ते खांद्यावरून घसरायला लागले. डॉक्टरांना हवं होतं तेवढं वजन उतरलं, त्याहूनही जास्त उतरलं. आता ते काय चुलीत घालायचं होतं?

इद्दत संपली तशी तिनं दुकानाचं शटर वर केलं. सोड्याच्या मशीनवर धूळ बसली होती. तिनं ओढणीनं मशीन पुसलं. निसारच्या हातचा नाही, निदान त्याच्या मशीनचा एक जिरा सोडा प्यावा, असं तिला फार वाटलं. शुगर-फ्री शोधायला तिनं मागचं कपाट उघडलं.

डबे तिथेच होते. मेहविशनं आणलेले सगळेच्या सगळे. तिनं एकाचं झाकण फिरवलं. आतलं सील जसंच्या तसं होतं. दुसऱ्याचंही. तिसऱ्याचंही.

मग आपण पीत काय होतो?

तिला मुंग्या आठवल्या. “पोरीला दोघांतलं एक तरी” हे आठवलं. रोज साखरेचा पाक घालत होता तो तिच्या बाटलीत. तिच्या पोटाला सुरी लागू नये म्हणून. इतका राग आला तिला! सगळे डबे रस्त्यावर भिरकावून द्यावेत असं वाटलं. मला विचारलंस का रे? तुझ्याशिवाय मी जगेन, हे तू परस्पर ठरवून टाकलंस? ती तोंडात ओढणी कोंबून रडली.

“हमीदा! इथे आहेस होय?”

इद्दत संपली म्हणून आपा सिन्नरहून आली होती. मेहविशनं तिला इकडे पाठवलं होतं. हमीदानं घाईनं कपाटाचं दार लोटलं आणि त्याला पाठ लावून उभी राहिली.

आपाचे डोळे सुजलेले होते. रोज पाचही नमाजांनंतर ती भावासाठी दुआ मागत होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

“जे झालं ते झालं,” आपा म्हणाली. “पण मला झोप लागत नाही गं. आज तरी खरं सांग. चोरून खायचीस ना?”

हमीदाच्या पाठीला कपाटाची कडी टोचत होती. दार उघडून दाखवलं की झालं, तिच्यावरचा डाग त्याच क्षणी धुतला जाणार होता. आणि निसार? त्यानं जाणूनबुजून मरण ओढवून घेतलं, हराम मौत मेला, असं लोक म्हणणार. त्याच्यासाठी पसरलेले आपाचे हात तिथेच थिजणार.

“हो आपा,” हमीदा म्हणाली. “माझ्यानं राहवलं नाही.”