धुण्याचा दगड

ओढ्याचं पाणी घरात घुसलं तशी शेवंता लेकराला काखोटीला मारून दिघे सरांच्या माडीवर आली. सर इतिहासाचे मोठे जाणकार. त्यांनी आपल्या हातानं चहा दिला, पण डोळ्याला डोळा भिडवला नाही.

तिचं लक्ष भिंतीवरच्या फोटोकडं गेलं. "अगंबाई, हा तर आमच्या दारातला धुण्याचा दगड. अन् शेजारी तुम्ही हार घालून?"

"मोडी कोरलीय त्यावर. त्या दगडावर मी लिहिलेल्या लेखाला बक्षीस मिळालं."

"काय लिहिलंय?"

ओढ्याकाठचे प्लॉट विकले गेले तेव्हा सर गप्प बसले होते. आपलं काम जुनं वाचायचं, आजच्या भानगडीत कशाला पडा? आता त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"पाणी इथवर येतं, घर बांधू नये."

शेवंता लेकराचं डोकं पुसत राहिली. "म्हणजे तुम्हाला वाचता येत होतं, सर."