जेवूनच आलोय

"जेवूनच आलोय," लेकीच्या सासरी पाय ठेवताच मोरेश्वर म्हणाले. लेकीच्या घरी जेवायचं नाही, ही त्यांची जुनी रीत. खरं तर सकाळपासून चहाखेरीज पोटात काही नव्हतं. पण पोटात बसवलेल्या कृत्रिम स्वादुपिंडाला कान होते. जेवल्याचं ऐकलं की ते आपणहून इन्शुलिन सोडायचं.

"दोन घास तरी घ्या," विहीणबाई म्हणाल्या.

"नको हो, अगदी गळ्यापर्यंत झालंय."

आणखी इन्शुलिन सुटलं. रक्तात होती नव्हती ती साखरही ओसरली. हात थरथरू लागले, सदरा घामानं भिजला.

शलाका घाबरली. "बाबा, खरं सांगा, काही खाल्लंय का?"

विहीणबाई समोरच उभ्या होत्या.

"पोटभर श्रीखंडपुरी," ते कसेबसे म्हणाले.

शलाकाचा विश्वास बसला नाही. यंत्राचा बसला.