ठणठणीत

तपासनिसाने पाइलच्या, म्हणजे इमारतीच्या पायासाठी जमिनीत ओतलेल्या काँक्रीटच्या खांबाच्या, डोक्यावर मेणाचा गोळा दाबला, त्यात सेन्सर बसवला आणि शेजारी हातोडीचा हलकासा ठोका दिला.

"मामा, मडकं निवडताय का?" जावई हसला. इथलं काँक्रीट त्याच्याच देखरेखीखाली ओतलेलं. तपासायला आलेला माणूस त्याचा सासरा आहे हे कंपनीला ठाऊक नव्हतं, आणि दोघांनाही सांगायची घाई नव्हती.

तपासणी साधीच. आवाज जमिनीत गाडलेल्या खांबातून तळापर्यंत जातो आणि तिथून परततो. खांब ठणठणीत असेल तर उत्तर यायला वेळ लागतो. मध्येच माती शिरली असेल तर आवाज तिथूनच माघारी फिरतो. लवकर आलेलं उत्तर खोटं. एवढंच या धंद्याचं शास्त्र.

उत्तर लवकर आलं. त्याने जागा बदलून पुन्हा ठोका दिला. पडद्यावरची रेघ तिथेच उसळली.

"अर्ध्यावर माती आहे, जावईबापू. काँक्रीट ओतायचा पाइप घाईने वर ओढलात?"

"छे! मी स्वतः उभा होतो इथे."

लेकीच्या मनगटाला प्लास्टर होतं, तेव्हाही हा असाच न अडखळता म्हणाला होता, "बाथरूममध्ये घसरली. मी स्वतः उचललं."

सासऱ्याने ब्रश उचलला आणि लाल रंगाच्या डब्याकडे हात नेला. लाल म्हणजे नापास, हिरवा म्हणजे पास.

"पुरलेलं कोण उकरून बघतंय, मामा? लाल लावलात तर माझी नोकरी जाईल. मग मी दिवसभर घरी. तिच्यासोबत."

हात थांबला. मुक्या काँक्रीटला बोलतं करणाऱ्या या माणसाकडून लेक देताना जावई वाजवून घ्यायचा तेवढा राहिला होता. उंच होता, हसतमुख होता, तेवढ्यावर भागलं.

"आमचं कसं चाललंय, विचारा ना तिलाच." जावयाने फोन लावून स्पीकरवर टाकला. "बाबा आहेत गं इथे, माझ्याजवळच. बोल."

"बाळा, कशी आ—"

"ठणठणीत, बाबा!"

उत्तर लवकर आलं. सासऱ्याने ठोक्याची जागा बदलावी तसं विचारलं, "आणि हात आता कसा—"

"ठणठणीत!"

जावयाने फोन खिशात टाकला, हिरव्या डब्याचं झाकण काढलं आणि डबा अदबीने सासऱ्यापुढे धरला. ब्रश सासऱ्याच्या हातात आधीच होता.