पिवळी रेघ

"ब्रेकचा नट ढिला आहे," भाऊराव गाडीखालून म्हणाले. "पास नाही."

मनीषाने हातातलं फडकं बोनेटवर आपटलं. काल संध्याकाळी तिने स्वतः तो आवळला होता, अगदी शपथेवर सांगत होती. भाऊराव सरपटत बाहेर आले आणि पाना तिच्या हातात देऊन हात धुवायला गेले. ढिला तो ढिला. त्यात शपथेचं काय काम?

खमरियाच्या सरकारी दारूगोळा कारखान्यात भाऊरावांची सगळी नोकरी तपासणीत गेली होती. तिथला कायदा साधा. ज्याने काम केलं, त्याने ते पास करायचं नाही. दुसऱ्याने तपासायचं आणि बरोबर असेल तरच नटावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. आणि एक नग नापास निघाला, की अख्खा लॉट पुन्हा पहिल्यापासून. रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, पण कायदा काही सुटला नाही. बायकोने, पुष्पाबाईंनी, कुकरचं झाकण लावलं तरी हे एकदा दाबून बघणार! मुलीने शर्यतीची गाडी बांधायला घेतली तेव्हा त्यांनी हीच अट घातली. पिवळ्या रेघांशिवाय गाडी फाटकाबाहेर जायची नाही.

गाडी म्हणजे एक जुनी, छोटी हॅचबॅक. मनीषा रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत एका फॅक्टरीत नोकरी करायची आणि उरलेला सगळा जीव या गाडीत ओतायची. मागची सीट उपटून टाकली. टर्बोचा दाब वाढवला, तर इंजिन तापायला लागलं. मग पुढे मोठा कूलर आणला, तो मावेना म्हणून बंपर कापला. शहराबाहेर तिलवाऱ्यापर्यंत चालवून यायची, लॅपटॉप जोडून इंधन कमीजास्त करायची, की पुन्हा चालली तिलवाऱ्याला. शेजारीपाजारी हसायचे. हसेनात का! हौशी चालकांच्या शर्यतीत एकदा तरी आपल्या हाताने बांधलेली गाडी पळवायची, एवढंच तिने डोक्यात घेतलं होतं.

पुष्पाबाईंनी पहिल्यांदा डोक्याला हात लावला. पोरीच्या जातीने हे काय धंदे करायचे, हातपाय मोडले तर? पण मग त्याच वेताचा मोढा घेऊन गाडीजवळ बसू लागल्या आणि मागितला तो पाना अचूक हातात देऊ लागल्या.

गाडी तयार होती, पण शर्यत काही मिळेना. पहिल्या वेळी निघायच्या सकाळीच भाऊरावांना मागच्या चाकाचा नट ढिला सापडला. आता हा ब्रेकचा. सगळी गाडी पुन्हा तपासेपर्यंत ही शर्यतही हुकली.

"बाबा, तुम्हाले मले जाऊच द्यायचं नाही," मनीषा म्हणाली. "सरळ सांगून टाका ना."

भाऊरावांना ते फार लागलं. ज्या पोरीसाठी आपण गुडघे दुखत असताना गाडीखाली शिरतो, तिनेच असं म्हणावं? पुष्पाबाईंनी तिला बळेच जेवायला बसवलं, गरम पोळी वाढली आणि पुढच्या वेळी होईल म्हणून समजूत घातली.

पुढची वेळ म्हणजे हंगामातली शेवटची शर्यत, नागपूरच्या पलीकडे. आदल्या संध्याकाळी भाऊराव गाडीजवळ खुर्ची टाकून बसले. मनीषा एकेक नट आवळत गेली. नट पुरता आवळला की तिचा पाना टक् वाजायचा, आणि प्रत्येक टक्‌ला ते मान हलवत. एकही राहिला नाही. सकाळी तपासून रेघा ओढतो, असं सांगून ते जेवायला उठले.

सकाळी उठून बघतात तर अंगण रिकामं. रंगाचा डबा खिडकीत उघडा, ब्रश ओला. श्यामसुंदर, तिच्या फॅक्टरीतला दोस्त, पहाटेच ट्रेलर घेऊन आला होता. मोबाइलवर मनीषाचा रेकॉर्ड केलेला निरोप होता. रेघा मीच ओढल्या बाबा, रागवायचं तर परत आल्यावर रागवा.

भाऊरावांचं रक्त उसळलं. मग हळूहळू उतरलं. प्रत्येक टक् आपण कानाने ऐकला होता. आता आणखी काय तपासायचं राहिलं होतं? आणि खरं म्हणजे पोरगी निघून गेली याचा त्यांना मनातून आनंदच झाला. बापाचीच जिद्द ती!

एवढ्यात पुष्पाबाई उठून आल्या. रिकामं अंगण बघून त्या उंबऱ्यातच थांबल्या.

"गेली? तुम्ही तपासली गाडी?"

घरात आपला कायदा मोडला गेला, हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगणार?

"तपासली ना," भाऊराव म्हणाले. "सगळी पास. मीच रेघा ओढून देल्या."

पुष्पाबाई आत जाऊन देवापुढे दिवा लावून आल्या.

दुपारी आयोजकांनी शर्यत मोबाइलवर थेट दाखवायला सुरुवात केली. भाऊरावांनी मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला आणि दोघं खाटेवर बसले. कापलेल्या बंपरची गाडी लगेच ओळखू आली. झेंडा पडला. मनीषाने सुरुवातीलाच दोघांना मागे टाकलं, तसे भाऊराव मांडीवर थाप मारून हसले. गाडी लांब सरळ पट्ट्यावर आली आणि सुसाट सुटली. पुढे उजवं वळण होतं.

पुष्पाबाईंनी डोळे पुसले. त्याही आता हसत होत्या.

"बरं केलं तुम्ही, यावेळी अडवलं नाही तिले," त्या म्हणाल्या. "दर वेळी मीच एक नट ढिला करून ठेवत होती. तुम्हाले सापडतेच, म्हणून. काल जेवणं झाल्यावर स्टिअरिंगचा नट ढिला केला होता. तो नीट आवळला ना तुम्ही?"